नाग्याचा डोळा आणि चौकटीतला राजा : मराठी पडद्यावरील अपंगत्वाचा प्रवास

मराठी चित्रपटाचा इतिहास आपण बहुधा संतपट, तमाशापट, कौटुंबिक चित्रपट, विनोदी चित्रपट अशा प्रवाहांतून सांगतो. ही विभागणी सोयीची आहे; परंतु या सर्व प्रवाहांना आडवा छेद देणारा आणखी एक धागा आहे. तो म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या अपंग शरीराचा. या धाग्याचा विचार आपल्याकडे फुटकळ परीक्षणांतून झाला, सलगपणे मात्र फारसा झाला नाही. प्रस्तुत लेखात मराठी चित्रपट, मराठी कलावंतांनी घडविलेले हिंदी चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांतील काही ठळक टप्प्यांच्या आधारे तो सलग पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी तीन प्रश्न हाताशी ठेवले आहेत. अपंग शरीर कशाचे चिन्ह म्हणून वापरले गेले? ते कोणाच्या नजरेतून दाखवले गेले? आणि ती भूमिका कोणी केली?

१. कर्जतचा पडदा

कर्जत-खालापूर परिसराचे नाव चित्रपटसृष्टीत घेतले जाते ते मुख्यतः नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली चौकच्या परिसरात उभारलेल्या एन. डी. स्टुडिओमुळे. 'जोधा अकबर' (२००८) या चित्रपटाचे आणि 'राजा शिवछत्रपती' या मालिकेचे भव्य देखावे येथे उभे राहिले. तट, बुरूज, दरबार आणि त्यांत वावरणारे धडधाकट, तेजस्वी वीर अशी ही दुनिया आहे. २०२३ मध्ये देसाई यांचे निधन झाले. त्यांनी उभी केलेली प्रतिमासृष्टी मात्र प्रेक्षकांच्या मनात घर करून आहे.

पण या डोंगररांगांनी मराठी पडद्याला याच्या कितीतरी आधी एक वेगळा नायक दिला होता. गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत' या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी १९७७ साली त्याच नावाचा चित्रपट केला. निर्मिती उषा मंगेशकरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, गीते ना. धों. महानोरांची, नाग्याच्या भूमिकेत मोहन आगाशे आणि चिंधीच्या भूमिकेत स्मिता पाटील. कथेतला लिंगोबाचा डोंगर म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे आमच्याच जिल्ह्यातला कर्नाळ्याचा सुळका उभा राहतो. ज्या ठाकर समाजाची ही कथा आहे, त्याच्या वाड्या कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर आजही आहेत आणि त्या वाड्यांमधली मुले आज महाविद्यालयांत मराठी साहित्य शिकत आहेत.

या चित्रपटाची चर्चा गाणी, लोकलय आणि आदिवासी जीवन यांभोवती फिरते. नाग्याचा एक डोळा गेलेला आहे, ही गोष्ट त्या चर्चेत बाजूला पडते. राणी माशीचे दर्शन पुण्यवंतालाच घडते, अशी श्रद्धा. पुण्यवंत होण्याची आस धरलेला हा भगताचा मुलगा माश्यांच्या दंशाने डोळा गमावतो. रूढ तर्क असा, की ज्याचा डोळा गेला त्याचे पुण्य कमी पडले. नाग्या हा तर्क स्वीकारत नाही. तो राणी माशीशीच वैर मांडतो. त्याला जैत मिळते, पण चिंधीला गमावून.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, नाग्याच्या गेलेल्या डोळ्यामुळे कथा त्याच्याकडे दयेने पाहत नाही. तो ढोल वाजवतो, डोंगर चढतो, प्रेम करतो. चिंधी त्याला निवडते ती कीव येऊन नव्हे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शारीरिक हानी आणि पाप-पुण्य यांची जी गाठ आपल्या परंपरेने घट्ट मारली आहे, तिच्यावरच ही कथा बोट ठेवते. ही गाठ किती जुनी आहे, हे पाहिल्याशिवाय तिला दिलेल्या आव्हानाचे मोल कळणार नाही.

२. चिन्ह म्हणून शरीर

महाभारताचा सारा पेच एका अंध राजपुत्रापासून सुरू होतो. धृतराष्ट्र ज्येष्ठ, पण अंध. म्हणून राज्य पांडूकडे जाते. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मुळे गांधारीच्या डोळ्यांवरील पट्टीकडे मराठी वाचक नव्याने पाहू लागला. तरीही 'आंधळा धृतराष्ट्र' हा शब्दप्रयोग आपण पुत्रप्रेमाने विवेक गमावलेल्या माणसासाठीच वापरतो. डोळ्यांचे अंधत्व आणि बुद्धीचे अंधत्व आपल्या भाषेत एकरूप होऊन गेले आहे. परंपरेत अष्टावक्राची कथाही आहे. वाकड्या देहाला हसणाऱ्या विद्वानांना निरुत्तर करणारा हा ऋषी आहे. पण वाक्प्रचारांत त्याला धृतराष्ट्राइतकी जागा मिळाली नाही.

संत एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, मुका, बहिरा अशी सोंगे आहेत. ही रूपके आहेत, हे उघडच आहे. परमार्थाकडे पाठ फिरवलेला जीव हा खरा आंधळा, असा त्यांचा आशय. नाथांची करुणा आणि त्यांची लोकभाषेवरील पकड यांविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण या सोंगांनी एक संकेत रुजवला, की रंगमंचावर आंधळा आला की तो कशाचे तरी प्रतीक म्हणून आला असे प्रेक्षक गृहीत धरतो. तो केवळ एक न दिसणारा माणूस असू शकतो, हे त्याच्या मनात येत नाही. पहाटे दारोदार दान मागणारा लोकपरंपरेतला पांगुळ सूर्याचा पांगळा सारथी अरुण याच्याशी आपले नाते सांगतो. तिथेही पांगळेपणाचा अर्थ देवकथेतूनच येतो.

चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांनी हा वारसा उचलला आणि त्याला चेहरा दिला. या संदर्भात ललिता पवार यांची कहाणी डोळ्यांत अंजन घालणारी आहे. येवल्यात १९१६ साली जन्मलेली ही अभिनेत्री मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होती आणि नायिकेच्या भूमिका करीत होती. १९४२च्या सुमारास एका चित्रीकरणात सहकलाकाराची चपराक इतक्या जोराने बसली, की त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. दीर्घ उपचारांनंतर त्या परतल्या, त्या नायिका म्हणून नव्हे. बारीक झालेला तो डोळा पुढे खाष्ट सासूची, कपटी बाईची ओळख ठरला. एका कामगार स्त्रीला कामाच्या ठिकाणी झालेली दुखापत पडद्यावर दुष्टपणाचे चिन्ह झाली. त्या चिन्हाच्या आधारे त्यांनी पुढे अनेक दशके थोर अभिनय केला, हे त्यांचे कर्तृत्व. पण चिन्हाचा अर्थ त्यांनी ठरवला नव्हता. तो चित्रपट-व्यवसायाने आणि आपण प्रेक्षकांनी ठरवला. याला पुरावाही त्यांच्याच भूमिकांत आहे. 'अनाडी' (१९५९) मध्ये त्यांनी साकारलेली मिसेस डिसा ही ममताळू घरमालकीण याच डोळ्याने नायकाकडे पाहते. तेव्हा त्या डोळ्यात कोणाला कपट दिसले नाही. त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला.

१९८७ साली रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेत त्या मंथरा म्हणून घराघरांत पोहोचल्या. वाल्मीकींची मंथरा कुब्जाच आहे, त्यामुळे मालिकेने काही नवे केले असे नाही. मात्र पाठीचा बाक आणि तो डोळा हे एकत्र येऊन, वाकडे शरीर म्हणजे वाकडे मन, हे समीकरण एका संपूर्ण पिढीच्या मनावर ठसले. पाठोपाठ १९८८ मध्ये आलेल्या बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत' मालिकेतला शकुनी लंगडत आला. व्यासांच्या शकुनीचे कपट द्यूतातल्या फाशांतून पुरेसे प्रकट होते. पडद्याला मात्र ते पायातूनही दाखवावेसे वाटले. दैनंदिन मालिकांच्या काळात या चिन्हांची संख्या वाढली. अपघाताने गेलेली आणि ऐन मोक्याच्या भागात परत आलेली दृष्टी, खलनायिकेने सोंग म्हणून वापरलेली चाकांची खुर्ची, गरजेप्रमाणे जाणारी-येणारी स्मृती ही सारी सामग्री मालिकेच्या प्रेक्षकाला पाठ आहे. या कथांतून अपंगत्व ही कथानकाला वळण देणारी कळ होते. त्यासह जगणे कसे असते, हा प्रश्न तिथे निघतच नाही.

३. दया आणि तिचा नकार

चिन्हानंतरचा टप्पा दयेचा. हिंदीत 'दोस्ती' (१९६४) या चित्रपटाने एक अंध आणि एक पायाने अधू अशा दोन मुलांच्या मैत्रीची कथा सांगितली आणि ती अफाट लोकप्रिय झाली. गुलजार यांच्या 'कोशिश'ने (१९७२) मूकबधिर जोडप्याचा संसार मांडला. तिथे प्रेक्षक रडतो, पण पात्रे सतत रडत नाहीत, हा फरक महत्त्वाचा होता.

दयेला थेट नकार दिला तो सई परांजपे यांच्या 'स्पर्श'ने (१९८०). अंधशाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध (नसीरुद्दीन शाह) आणि तरुण विधवा कविता (शबाना आझमी) यांची ही कथा. चित्रीकरण दिल्लीतील खऱ्या अंधशाळेत झाले आणि शाळेतील मुलेच चित्रपटात होती. अनिरुद्ध स्वावलंबी आहे, तसाच अहंकारी आणि चिडकाही आहे. कविताचे प्रेम म्हणजे तिने केलेला त्याग तर नाही ना, या शंकेने तो स्वतःचेच लग्न मोडतो. म्हणजे समाजाची दया नाकारता नाकारता तो प्रेमालाही दया समजू लागतो. अपंग पात्राला चुकण्याचा अधिकार देणारा हा चित्रपट आहे. आदर्श, सोशिक, गोड अंध माणूस पडद्यावर आणणे सोपे असते. अनिरुद्धसारखा अवघड माणूस आणायला लेखिकेचा विश्वास लागतो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नसीरुद्दीन शाह यांना अभिनयाचा आणि सईंना पटकथेचा.

मराठीत या वळणावर उभा आहे तो संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' (१९९१). स्मिता तळवलकर यांची निर्मिती आणि नंदूच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. बालपणीच्या अपघाताने नंदूची बौद्धिक वाढ खुंटली आहे. त्याची बालमैत्रीण, त्याची 'मुन्नी', आता गृहिणी आहे आणि अचानक ती त्याच्या समोर येते. चित्रपटाचे शीर्षक फार नेमके आहे. पत्त्यांतला चौकटचा राजा, आणि चौकटीत अडकलेला राजा. मात्र ही चौकट कोणाची? कथा बारकाईने पाहिली तर तिच्या केंद्रस्थानी मुन्नीची अपराधभावना आणि तिच्या संसारातला ताण आहे. नंदू हा इतरांच्या चांगुलपणाची परीक्षा घेणारा माणूस आहे. आईच्या भूमिकेतील सुलभा देशपांडे आणि प्रभावळकर यांच्या अभिनयाने नंदूला जिवंत केले, आणि त्या काळी घरात लपवून ठेवल्या जाणाऱ्या मुलांविषयी मराठी मध्यमवर्ग मोकळेपणाने बोलू लागला, त्यात या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. पण नजर अजून बाहेरच्यांची होती. नंदूला काय हवे आहे, यापेक्षा नंदूचे काय करायचे, हा प्रश्न कथेला अधिक छळतो.

याच दशकात गोव्याच्या पार्श्वभूमीवर आलेल्या 'खामोशी' (१९९६) मध्ये आमच्याच रायगड जिल्ह्यातील मुरूडचे नाना पाटेकर मूकबधिर पित्याच्या भूमिकेत होते. ज्या नटाची ओळखच धारदार शब्दफेक ही, त्याने शब्द बाजूला ठेवणे ही अभिनयाची कसोटी होती. त्याच वेळी एक प्रश्नही उभा राहतो. अपंगत्वाची भूमिका ही धडधाकट नटाच्या कौशल्याची कसोटी, असेच आपण किती काळ मानत राहणार?

४. २००४ : सांगण्याचा प्रश्न

मराठी चित्रपटाच्या पुनरुज्जीवनाचे वर्ष म्हणून २००४चा उल्लेख होतो. त्याचे श्रेय ज्या 'श्वास'ला दिले जाते, तो एका मुलाच्या दृष्टी जाण्याचा चित्रपट आहे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'श्यामची आई'नंतर पाच दशकांनी हा मान मराठीकडे आला. भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो ऑस्करसाठीही पाठवला गेला.

कोकणातल्या आजोबांनी (अरुण नलावडे) नातू परशुराम याला (अश्विन चितळे) शहरातल्या डॉक्टरांकडे आणले आहे. निदान होते दृष्टिपटलाच्या कर्करोगाचे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. 'श्वास'चा गाभा शस्त्रक्रियेत नाही. तो आहे मुलाला हे सांगायचे कोणी आणि कसे, या प्रश्नात. डॉक्टरांचा आग्रह असा, की ज्याचे डोळे जाणार त्याला ते माहीत असले पाहिजे. मराठी पडद्यावर बहुधा प्रथमच अपंग होऊ घातलेल्या व्यक्तीच्या संमतीचा प्रश्न, तोही एका लहान मुलाच्या संमतीचा, कथेचा कणा झाला. आजोबा नातवाला रुग्णालयाबाहेर नेऊन शहर दाखवतात, तो भाग सर्वांच्या लक्षात राहिला. पण शेवट विसरता कामा नये. काळा चष्मा लावलेला परशा गावी परततो. दृष्टी गेल्यावर कथा संपत नाही आणि चमत्काराने दृष्टी परतही येत नाही. पुढचे आयुष्य त्याच गावात आहे.

त्याच वर्षीचा 'देवराई' सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. शेष (अतुल कुलकर्णी) याला स्किझोफ्रेनिया आहे. बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या घरी आणते. वेडा माणूस म्हणजे हसण्याचा किंवा भिण्याचा विषय, हा पडद्याचा जुना संकेत इथे मोडला. देवराई जशी बाहेरून गूढ, आतून गुंतागुंतीची आणि जपण्याजोगी, तसे शेषचे मन, हे रूपक चित्रपट वापरतो. रूपकाविषयी वर घेतलेली शंका इथेही घेता येईल. फरक असा, की या रूपकामुळे शेष दुसऱ्या कशाचे चिन्ह होत नाही. रूपक त्याच्याकडे जाण्याची वाट होते.

याच जोडीने पुढे 'नितळ'मध्ये (२००६) कोड असलेल्या स्त्रीची, 'अस्तु'मध्ये (२०१३) स्मृतिभ्रंशाची आणि 'कासव'मध्ये (२०१६) नैराश्याची कथा सांगितली. 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'अस्तु'तले संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री साकारले आहेत मोहन आगाशे यांनी. म्हणजे १९७७चा नाग्या आणि २०१३चे शास्त्री हे एकच नट, आणि तो व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ. भरकटलेल्या शास्त्रींना सांभाळते ती माहुताची कन्नड बोलणारी बायको (अमृता सुभाष). तिला त्यांच्या आजाराचे नाव ठाऊक नाही. ती त्यांना मूल मानून खाऊ घालते. निदान आणि उपचार यांबरोबरच सोबत ही गोष्ट लागते, हे इतक्या साधेपणाने सांगणारे प्रसंग मराठीत थोडे आहेत.

५. भूमिका कोणाची, नाव कोणाचे?

तिसऱ्या प्रश्नाला मराठीने दिलेले पहिले ठोस उत्तर म्हणजे महेश लिमये यांचा 'यलो' (२०१४). डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावरचा हा चित्रपट, आणि त्यात गौरीची भूमिका स्वतः गौरीनेच केली. 'चौकट राजा'पासून 'यलो'पर्यंतचे अंतर तेवीस वर्षांचे. प्रभावळकरांच्या थोरवीला यत्किंचितही बाधा न आणता असे म्हणता येईल, की नंदूला पाहताना आपण एका नटाला दाद देत होतो. गौरीला पाहताना त्या दादेची सवयीची वाटच बंद होते.

दोन वर्षांनी आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये परशाचा मित्र प्रदीप हा पायाने अधू आहे. ही भूमिका करणारा तानाजी गळगुंडे याच्या पायांतही तेव्हा व्यंग होते. प्रदीप चित्रपटात दयेचा विषय नाही. तो मित्र आहे, विनोदी आहे, प्रेमात पडण्याची स्वप्ने पाहतो. पण सारे त्याला 'लंगड्या' म्हणतात, आणि महाराष्ट्राने त्याला त्याच नावाने डोक्यावर घेतले. येथे समीक्षकाला घाईने निवाडा देता येत नाही. गावात अशी नावे पडतात, हे वास्तव आहे, आणि ते सभ्य करून दाखवणे हा खोटेपणा ठरला असता. तरीही चित्रपटगृहाबाहेर त्या नावाने कोणाला हाक मारली गेली असेल, हा विचार टाळता येत नाही. विनोद अपंग माणसासोबत केला जातो आहे की त्याच्यावर, ही रेषा कलाकृतीत स्पष्ट असली तरी रस्त्यावर ती पुसट होते.

ही रेषा पुढे न्यायालयासमोरही आली. 'आँख मिचोली' (२०२३) या हिंदी चित्रपटातील चित्रणाविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी केलेल्या याचिकेवर ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांच्या पीठाने अपंगत्व समजून घेण्यास मदत करणारा विनोद आणि अपंग व्यक्तीला हीन लेखणारा विनोद यांत फरक केला. हिणवणारे शब्द टाळावेत, आजाराची माहिती अचूक असावी, अपंग व्यक्तींचे आयुष्य त्याच्या सर्व पैलूंसह दाखवावे आणि निर्मितीत त्यांचा सहभाग असावा, अशी मार्गदर्शक तत्त्वेही सांगितली.

कायद्याची भाषाही या काळात बदलली. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते एकवीस झाले. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले. महाराष्ट्रात २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. कर्जत लोकलच्या राखीव डब्यावरही आता 'दिव्यांगजन' असे लिहिलेले असते. या शब्दाविषयी अपंगांच्या चळवळीतूनच आक्षेप घेतले गेले आहेत. अपंगत्वाला दिव्य म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा चिन्ह करणे, हा त्यांचा मुद्दा आमच्या विवेचनाशी जुळतो. पाप म्हणा किंवा देवाची देणगी म्हणा, दोन्हीकडे माणूस बाजूला पडतो. त्या डब्यात चढणाऱ्याला हवी असते ती फलाटाची योग्य उंची आणि बसायला जागा.

६. आपल्या वर्गातले रूपक

हा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे मांडण्याचे एक खास कारण आहे. पडद्याने ज्या चिन्हव्यवस्थेचा वापर केला ती मुळात भाषेची आहे, आणि भाषा हा आपला प्रांत आहे. आपण समीक्षेत सहज लिहून जातो : अमुक कादंबरीचा शेवट लंगडा आहे, तमुक अनुवाद पांगळा झाला आहे, ही पिढी सांस्कृतिकदृष्ट्या मुकी आहे. ही विशेषणे विचारपूर्वक निवडलेली नसतात, म्हणूनच ती तपासली पाहिजेत. उत्तरपत्रिकेत असे वाक्य लिहिणारा आणि ते वाक्य समोरच्या बाकावर बसून ऐकणारा, दोघेही आपलेच विद्यार्थी असतात. म्हणी शब्दकोशातून काढून टाका, असे येथे म्हणायचे नाही. तसे केल्याने भाषा दरिद्री होते आणि माणसे होती तिथेच राहतात. पण एखादे रूपक वापरताना ते कोणाच्या शरीरावरून उचलले आहे, एवढे भान लिहिणाऱ्याला असावे.

'जैत रे जैत' अभ्यासताना आता एक प्रश्न जरूर विचारावा : नाग्याचा डोळा गेला नसता तर ही कथा उभी राहिली असती का? उत्तर नकारार्थी येईल. मग पुढचा प्रश्न : तो डोळा कथेत कशासाठी आहे? शिक्षा म्हणून, कीव यावी म्हणून, की नाग्याच्या जिद्दीचे कारण म्हणून? हेच प्रश्न नंदूला, परशाला, शेषला, गौरीला आणि प्रदीपला लावून पाहावेत. दर वेळी उत्तर वेगळे येईल, आणि त्या उत्तरांच्या फरकातच गेल्या अर्धशतकात आपली नजर कुठून कुठे आली याचा आलेख सापडेल. तो आलेख सरळ चढता नाही. आजही एकीकडे 'यलो'सारखा चित्रपट होतो आणि दुसरीकडे मालिकेतली खलनायिका चाकांच्या खुर्चीतून रात्री गुपचूप उठून उभी राहते. दोन्हींचा प्रेक्षक एकच आहे, आणि त्यातले काही उद्याचे लेखक व शिक्षक आहेत.